पोत्याचे वजन

साहित्याच्या व्यवहारात 'हमाली' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतराला आपण हमाली म्हणतो. उत्तरपत्रिका तपासणे, सूची करणे, मुद्रिते वाचणे हीदेखील आपल्या लेखी हमालीच. ज्यात श्रम पुष्कळ पडतात आणि डोके मात्र लागत नाही असे काम, हा या शब्दाला आपण दिलेला अर्थ आहे. ज्यांच्यावरून हा अर्थ आपण घेतला त्या माणसांच्या डोक्यावर प्रत्यक्षात काय आणि किती होते, हा प्रश्न मात्र मराठीच्या वर्गात क्वचितच निघतो. माझ्या मनातही तो एका अगदी घरगुती प्रसंगामुळे आला.

काही वर्षांपूर्वी मी शिकवत होतो त्या महाविद्यालयाचे ग्रंथालय तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवायचे ठरले. किराणा दुकानांतून रिकामी खोकी आणली गेली, त्यांत पुस्तके काठोकाठ भरली गेली आणि ग्रंथालयातले दोन परिचर व बाजारातून आणलेले दोन हमाल यांनी ती जिन्याने वर न्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी एका परिचराने वाकून खोके उचलले, तसेच अंग वळवले, आणि त्याच्या कंबरेत उसण भरली. त्याला सरळ उभे राहता येईना. प्राध्यापकांच्या खोलीत चर्चा झाली. 'असे वाकून उचलायला नको होते', 'सवय नाही ना', 'पाठच कमजोर असेल'. ओळखीत कोणी पायाळू आहे का, अशी चौकशीही एकाने केली. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत अजून पुसलेली नाही. त्या सगळ्या बोलण्यात खोक्याचे वजन किती होते हे कोणीही विचारले नाही. मीही नाही. पुढे उरलेली जुनी मासिके न्यायला रद्दीवाला आला, तेव्हा तसेच भरलेले एक खोके मी त्याच्या काट्यावर ठेवून पाहिले. ते ३४ किलोंचे होते.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ओझ्याने होणाऱ्या इजेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. उसण भरते, लचक भरते, चमक निघते, कंबर धरते, पाठ आखडते. या सर्व वाक्यांचा कर्ता एक तर वेदना आहे किंवा शरीराचा अवयव. उचलायला लावणारा माणूस या वाक्यांत नाही आणि उचललेली वस्तूही नाही. जणू पाठ आपल्याच मर्जीने आखडली. 'कणा' हा शब्द मराठी कवितेने स्वाभिमानाची खूण म्हणून उचलला; पण ज्याचा कणा शब्दशः झिजतो त्याच्या वाक्यात झिजवणारे काही शिल्लकच राहत नाही. जे वाक्यात नाही ते चौकशीतही येत नाही. ओझ्यापासून होणाऱ्या इजा टाळण्याचा इतिहास हा माझ्या मते या गाळलेल्या पदाला वाक्यात परत आणण्याचा इतिहास आहे.

'हमाल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी असलेला धातू वाहून नेण्याचा अर्थ सांगतो. गर्भ वाहणे या अर्थाचा 'हमल' हा शब्दही त्याच धातूचा. आपला स्वतःचा शब्द 'माथाडी'. माथ्यावरून ओझे वाहणारा तो माथाडी. त्याच्या जोडीला 'चुंबळ' हा एक सुंदर शब्द आहे. कापडाची गुंडाळी करून डोक्यावर ठेवलेले हे कडे ओझ्याचा दाब एका बिंदूवर येऊ देत नाही, ओझे डळमळू देत नाही आणि ते शरीराच्या उभ्या रेषेत ठेवायला मदत करते. पाणी आणणाऱ्या बाईची आणि पोते वाहणाऱ्या हमालाची चुंबळ एकच. श्रमाच्या शास्त्राची पुस्तके येण्याच्या कितीतरी आधी वाहणाऱ्यांनी स्वतः शोधलेला हा उपाय आहे. मात्र त्याची मर्यादाही उघड आहे. चुंबळ ओझे सुसह्य करते, कमी करत नाही. ओझे कमी करणे वाहणाऱ्याच्या हातात कधीच नव्हते.

व्यवसायामुळे होणाऱ्या रोगांचा पहिला मोठा ग्रंथ १७०० साली इटलीत निघाला. त्याचे कर्ते बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे मोदेना येथे वैद्यकाचे अध्यापक होते. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत 'तुझा धंदा कोणता?' हा प्रश्न घालावा, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या ग्रंथात ओझी वाहणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी एका वैद्याने वेदनेपासून धंद्यापर्यंतचे पाऊल टाकले होते. धंद्यापासून वजनापर्यंतचे पुढचे पाऊल टाकायला मात्र फार काळ जावा लागला.

याच्याशी ताडून पाहावी अशी एक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल यांच्या चळवळीमुळे १८७६च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले, आणि ती रेषा नेमकी कोठे असावी हे १८९०मध्ये कायद्याने ठरले. पाणी त्या रेषेच्या वर चढेल इतका माल भरणे हा गुन्हा झाला. अशी रेषा आखलेली जहाजे मुंबई बंदरात येऊन लागत असतील तेव्हा त्यांत माल चढवणाऱ्या माणसांच्या अंगावर कोणतीही रेषा नव्हती. १८८१ आणि १८९१च्या कारखाना कायद्यांनी आपल्याकडे मुलांची वये आणि कामाचे तास मोजायला सुरुवात केली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९०मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या पिढीचा लढा मुख्यतः वेळेचा होता आणि मजुरीचा. वेळ घड्याळात दिसते, मजुरी हातात पडते. वजन तर पोत्यावर आकड्यांत लिहिलेलेच असे; पण तो आकडा मालाचा समजला जाई, माणसाचा नव्हे.

पाठीच्या आत काय घडते याचे ज्ञानही उशिरा आले. दोन मणक्यांमधली चकती सरकून मज्जातंतूवर दाब येतो आणि त्यातून पायात उतरणारी कळ निर्माण होते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यवैद्यांनी १९३४ साली मांडले. पुढे १९६०च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. माणूस पुढे वाकला आणि हातात वजन घेतले की तो दाब किती वाढतो, हे प्रथमच आकड्यांत दिसले. यामागचा हिशेब तराजूचा आहे. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे अवघ्या ५ सेंटिमीटरच्या आसपास अंतरावरून ओढतात, तर हातातले खोके कण्याच्या पुढे ४० सेंटिमीटरवर असते. आठपट लांब दांडीवरचे वजन तोलायचे तर आठपट ओढ हवी. आमच्या ग्रंथालयातल्या ३४ किलोंसाठी त्या परिचराच्या पाठीला अडीचशे किलोंहून अधिक ओढ द्यावी लागली असणार, आणि वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन त्याखेरीज. त्यात अंग वळवले की ताण एका बाजूला एकवटतो. पाठ कमजोर होती असे म्हणणे हा मग निव्वळ अन्याय ठरतो.

या ज्ञानाचा पहिला उपयोग कसा झाला? शिकवण म्हणून. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, ओझे अंगाजवळ धरा, उचलताना वळू नका. विसाव्या शतकात जगभरच्या कारखान्यांच्या भिंतींवर ही चित्रे लागली. सल्ला म्हणून त्यात खोटे काही नाही; ओझे अंगाजवळ धरल्याने दांडी खरोखरच आखूड होते. पण या शिकवणीनेही वाक्याचा कर्ता बदलला नाही. इजा झाली तर ती उचलणाऱ्याने चुकीचे उचलले म्हणून झाली. १९७८ साली स्टोव्हर स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीन उपायांची तुलना केली: धडधाकट माणसे निवडून घेणे, त्यांना उचलण्याचे शिक्षण देणे आणि कामाचीच रचना बदलणे. पहिल्या दोहोंचा परिणाम दिसला नाही. तिसऱ्याने पाठीच्या इजा एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतील असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २००८मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा प्रशिक्षणांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा केवळ उचलण्याचे शिक्षण दिल्याने पाठदुखी टळते याला आधार सापडला नाही. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला हे वाचून थोडे ओशाळल्यासारखे होते. शिकवून सर्व काही सुधारते ही आपली श्रद्धा आहे, आणि येथे तर शिकवणीची गरज उचलणाऱ्यापेक्षा भरणाऱ्याला अधिक होती.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या चौतिसाव्या कलमात, इजा होईल इतके जड ओझे कोणाही कामगाराला उचलायला, न्यायला वा हलवायला लावू नये असे म्हटले होते आणि कमाल वजने ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता. (२१ नोव्हेंबर २०२५पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे.) कलम चांगले होते, पण ते कारखान्याचे होते. मुंबईत मशीद बंदरच्या परिसरात किंवा पुण्याच्या भुसार बाजारात पोती वाहणारा माणूस कारखान्यात नव्हता. तो कोणाचा कामगार, हेच ठरत नव्हते. माल शेतकऱ्याचा वा व्यापाऱ्याचा, गाळा आडत्याचा, मालमोटार तिसऱ्याची, खरेदीदार चौथा. टोळीने काम करायचे, मुकादमाने ठरवायचे, नगावर मजुरी घ्यायची. पाठ मोडली तर टोळीत दुसरा माणूस उभा राहायचा आणि पहिला गावी जायचा. १९२३पासून कामगारांच्या भरपाईचा कायदा होता. पण अपघाताची भरपाई मागायची तर मालक दाखवावा लागतो आणि अपघाताची वेळ सांगावी लागते. अपघाताला तारीख असते, झिजेला नसते. वीस वर्षे रोज थोडी थोडी झिजलेली पाठ कोणत्या दिवशी मोडली हे कोण सांगणार?

या कोंडीतून जी वाट निघाली तिचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण भागातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडींची संघटना बांधली आणि तिच्या दीर्घ लढ्यानंतर १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याच्या इंग्रजी नावातही 'माथाडी' आणि 'हमाल' हे शब्द तसेच राहिले आहेत. कायद्याने मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे उभी केली. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत आणि तिच्यावर मालकाने भरायची लेव्ही, जिच्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची तरतूद व्हायची. कामगार कोणाचा या प्रश्नाला दिलेले हे चतुर उत्तर होते. तो एकाचा नसेल तर सर्वांचा मिळून आहे, आणि सर्वांनी मिळून त्याची जबाबदारी घ्यायची. गोदी कामगारांसाठी १९४८च्या कायद्याने आणलेल्या पद्धतीचा हा बाजारापर्यंतचा विस्तार होता. वजनाच्या इतिहासात या नोंदवहीला मोठे स्थान आहे. ज्याचे नाव कोठे लिहिलेले नाही त्याच्या पाठीची तक्रारही कोठे लिहिली जात नाही.

पुण्यात हे काम हमाल पंचायतीने केले. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले डॉ. बाबा आढाव (१९३०–२०२५) यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास ही संघटना उभी केली. त्या काळात धान्याचे पोते १०० किलोंचे असे. क्विंटल हे व्यापाराचे माप, आणि पोते त्या मापाला सोयीचे. हिशेब वहीचा होता. वहीत सोपा पडणारा आकडा माणसाच्या पाठीवर चढत होता. पोत्याचे वजन निम्मे, म्हणजे ५० किलो करा, ही मागणी पंचायतीने लावून धरली. मला या मागणीचे जे मोल वाटते ते असे की तिने गाळलेले पद वाक्यात आणले. उसण का भरते, तर पोते १०० किलोंचे आहे म्हणून. ज्यांच्या वाट्याला अशी वाक्ये बोलण्याचा अधिकार क्वचितच आला, त्यांनी ते वाक्य संघटना करून उच्चारले.

ही मागणी दिसते तितकी साधी नव्हती. मराठीत एक म्हण आहे: पाठीवर मारावे, पोटावर मारू नये. मार खाणाऱ्याच्या तोंडी असलेली ही म्हण पाठ स्वस्त धरते आणि पोट महाग. हमालाची मजुरी नगावर असते. १० टनांची मालमोटार रिकामी करायची तर १०० किलोंची १०० पोती होतात आणि ५० किलोंची २००. पोते निम्मे झाल्यावर दरही निम्मा झाला, तर खेपा दुप्पट आणि कमाई तेवढीच. पाठ वाचवायला जावे तर पोट मारले जाण्याची ही भीती खरी होती. म्हणून वजनाची मागणी दराच्या मागणीपासून सुटी करता येत नाही, आणि दोन्ही मिळून संघटनेपासून सुट्या करता येत नाहीत. हमाल पंचायतीने १९७४मध्ये 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र सुरू केले ते याच समजुतीतून आले असावे. पाठ आणि पोट या दोघांचा हिशेब एकाच वहीत मांडायचा.

खेपा दुप्पट झाल्या तर फायदा काय, अशी शंका येथे घेतली जाते. फायदा आहे. हाडे, चकत्या आणि स्नायुबंध यांची झीज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वजन जड होत जाते तशी ती झपाट्याने वाढते. वाकवलेली तार जशी मोठ्या वाकवण्याने थोड्या वेळांत तुटते आणि बारीक वाकवण्याने पुष्कळ काळ टिकते, तसे काहीसे हे आहे. शिवाय १०० किलोंचे पोते पाठीवर द्यायला दोघे लागतात. त्यांच्यातल्या एकाची पकड सुटली की खाली उभा असलेला वाहणारा वाचत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल वजनाविषयी एक करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. भारताने तो करार मान्य केला २०१०मध्ये. पण ५० वा ५५ हा आकडा सुरक्षित आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेने १९९१मध्ये सुधारलेल्या उचलण्याच्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाचा आरंभीचा आकडा २३ किलो आहे, आणि ओझे अंगापासून दूर असेल, जमिनीवरून उचलायचे असेल, वळावे लागत असेल, पकड नीट नसेल, तर तो प्रत्येक कारणाने आणखी खाली येतो. हे सूत्र दोन्ही हातांनी उचलण्याचे आहे, डोक्यावरून वाहण्याचे नव्हे. तरीही प्रत्येक पोते डोक्यावर जाण्याआधी कोणीतरी उचललेलेच असते. ब्रिटनच्या १९९२च्या नियमांनी क्रमही उलटा केला. आधी पाहायचे ते माणसाने ओझे उचलण्याची गरजच टाळता येईल का. टळत नसेल तर धोका तपासायचा आणि कमी करायचा. तेथे सिमेंटची पिशवी २५ किलोंवर आली. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोंचीच आहे. युरियाची गोणी मात्र २०१८मध्ये ५० वरून ४५ किलोंवर आली, ती खताचा वापर कमी व्हावा म्हणून. जमिनीत नत्र जास्त पडू नये यासाठी जे पाच किलो उतरले त्यांचा लाभ पाठीला आपोआप मिळाला. हे पाच किलो पाठीसाठी मागितले असते तर उतरले असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आपल्या पुराणकथेत पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे आणि त्याने मान हलवली की भूकंप होतो. भूकंपाचे खापर तेथेही वाहणाऱ्याच्या हालचालीवरच फुटते. साहित्यातही श्रमिकाच्या घामाचा आणि बळकट बाहूंचा गौरव पुष्कळ झाला. गौरवात गैर काही नाही. मात्र बळाची स्तुती करता करता वजनाचा प्रश्न मागे पडतो. अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे लेखक ओझी उचलण्याची कामे स्वतः करून लेखनाकडे आले. त्यांच्या लेखनाकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहणारे वाचन कोणी विद्यार्थ्याने करावे असे मनापासून वाटते. मजुरी, भूक, जात यांच्याबरोबर त्या कथांत वजन किती वेळा येते आणि कोणाच्या तोंडून येते, हे मोजून पाहण्यासारखे आहे.

आमच्या ग्रंथालयातला तो परिचर तीन आठवड्यांनी कामावर आला. त्याची रजा वैद्यकीय रजा म्हणून मांडली गेली. कारणाच्या रकान्यात 'पाठदुखी' एवढेच लिहिले होते. खोक्याचा उल्लेख त्या अर्जात नव्हता, कारण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. पुढच्या वेळी संदर्भ विभाग हलवायची वेळ आली तेव्हा ग्रंथपालांनी लहान खोकी मागवली, प्रत्येकात बारापेक्षा जास्त पुस्तके भरायची नाहीत असे ठरवले आणि दोन चाकांची ढकलगाडी आणली. खेपा वाढल्या, दोन दिवस अधिक लागले. त्या खोक्यांवर ग्रंथपालांनी जाड पेनाने विषय लिहिला होता, क्रमांक लिहिला होता, आणि त्याखाली वजन.